कागदावरची तीन वर्षं

दरवर्षी जूनमध्ये अकरावीच्या प्रवेश अर्जांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो, तेव्हा मी गुण नंतर पाहतो, आधी जन्मतारखा पाहतो. आमच्या भागात बहुतेक माणसं एक जूनला जन्मलेली असतात. पोराचं नाव शाळेत घालायला बाप येतो, गुरुजी जन्मतारीख विचारतात, बाप बायकोकडं बघतो, बायको म्हणते, ‘तूर काढायच्या टायमाला की ओ’, आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात. त्यामुळं गठ्ठा उलटताना एक जून, एक जून, एक जून असं चालू असतं. मधेच एखादा अर्ज अडवतो. सतरा सप्टेंबर. थोड्या वेळानं नऊ जानेवारी. एकदा तर एकोणतीस फेब्रुवारी. अशा वेळी गावाचं नाव बघायची मला गरज नसते. उमरग्याच्या पुढं, हैदराबाद रस्त्याला लागून तीन खेडी आहेत, त्यांतलंच एखादं असतं. ही पोरं शेवंताबाई कांबळ्यांच्या हातावर जन्मलेली.

शेवंताबाई त्या तीन गावांच्या नर्स. मूल रडलं की त्या आधी मनगटावरचं घड्याळ बघत. बाळ-बाळंतिणीचं सगळं आवरलं की वहीच्या पानाचा चौकोनी तुकडा फाडून त्यावर तारीख, वार, वेळ आणि वजन लिहीत. आईचं नाव आधी, बापाचं नंतर. खाली एक ओळ ठरलेली : ‘शाळेत नाव घालताना हाच कागद दाखवणे.’ पुढं लस टोचायला गेल्या की पोराच्या आधी त्या कागदाची चौकशी करत. एखाद्या गुरुजीनं तरीही एक जून लिहिलाच, तर छत्री घेऊन थेट शाळेत जात आणि तारीख दुरुस्त करून घेतल्याशिवाय पायरी उतरत नसत. सरकारनं त्यांना असं काही सांगितलेलं नव्हतं. ही त्यांची स्वतःची सक्ती होती. तिचं कारण मला फार उशिरा कळलं.

मी तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. बार्शीकडून उमरग्याला आलेला, जीवशास्त्राचा नवाकोरा शिक्षक. आमचं ज्युनियर कॉलेज म्हणजे सोसायटीचं खताचं गोदाम. अर्धं गोदाम सोसायटीनं आम्हाला भाड्यानं दिलं होतं आणि उरलेल्या अर्ध्यात युरियाची पोती होती. केमिस्ट्रीचे सर म्हणायचे, आपल्याला अमोनिया वेगळा विकत आणायला नको. विज्ञानाची तुकडी टिकवायला डोकी कमी पडत होती, म्हणून आमचे प्राचार्य येईल त्याला प्रवेश देत होते.

पहिल्याच आठवड्यात वर्गाच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. निळ्या काठाची पांढरी साडी, हातात छत्री, खांद्याला रेक्झिनची काळी पिशवी. तपासणीला कुणी आलंय असं वाटून पोरं उभी राहिली. मी लगबगीनं माझी खुर्ची पुढं केली.

‘बसा ओ सर,’ बाई म्हणाल्या. ‘मी विद्यार्थी हाय.’

वर्ग हसला. बाईही हसल्या, आणि शेवटच्या बाकावर दाराजवळ जाऊन बसल्या. दोन वर्षं त्यांनी ती जागा सोडली नाही. कारण कधीही एखादा माणूस सायकलवरून धापा टाकत गोदामाच्या दाराशी यायचा आणि विचारायचा, ‘नर्सबाई हाईत का?’ बाई वही उघडीच टाकून उठत. कॉलेज सकाळचं असल्यामुळं नोकरी आणि अभ्यास हे दोन्ही त्यांना कसंबसं जमत होतं. बाहेरून बसून दहावी झाली होती. त्यातही गणित आणि विज्ञान घेऊन. हे सगळं कशासाठी, असं मी विचारलं तेव्हा त्या सरळ म्हणाल्या, ‘डॉक्टर व्हायचंय.’ लाजल्या नाहीत, की माझ्या तोंडाकडं बघून अंदाजही घेतला नाही. फक्त एक गोष्ट विचारली.

‘सर, मेडिकलला वयाची काय अट आसती का ओ?’

‘छे,’ मी म्हणालो. ‘शिक्षणाला कसली आलीय वयाची अट!’

हे वाक्य मी कुठल्या तरी सभेत ऐकलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं. नियमांचं पुस्तक मी उभ्या जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण चोवीस वर्षांच्या मास्तराला ‘मला माहीत नाही’ म्हणणं जड जातं. बाईंनी मान डोलावली, आणि त्या दिवसापासून माझ्या त्या एका वाक्यावर दोन वर्षं अभ्यास केला.

त्यांचा अभ्यासही बघण्यासारखा होता. आमचं विज्ञान इंग्रजीत. बाईंचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरून आलेलं. नवे शब्द त्या गृहभेटीच्या वाटेवर चालत चालत पाठ करत. शेताच्या धुऱ्यावरून जाणारी नर्स स्वतःशीच मोठ्यानं काहीतरी बोलतेय, हे बघून पहिल्यांदा गावातल्या बायका घाबरल्या होत्या म्हणे. नंतर सवय झाली. खुरपणाऱ्या बायका लांबूनच हाक मारायच्या, ‘नर्सबाई, आज कुठपस्तोर आलं?’ बाई उत्तर द्यायच्या, ‘आज काळजापस्तोर. उद्या मूत्रपिंड.’

प्रयोगशाळेत त्यांची एकच शिस्त होती : आधी हात, मग बाकी. मेलेल्या बेडकाला हात लावण्याआधीही त्या कोपरापर्यंत साबणानं हात धुवायच्या. मी एकदा गमतीनं म्हणालो, ‘बाई, त्याला आता कसला संसर्ग होणार?’ त्या म्हणाल्या, ‘त्याला न्हाय ओ. पर हाताला तसंच शिकवलंय. हाताला एकदा सूट दिली की ते ऐकत न्हाय.’

बेडकांचं सांगायचं तर, दुसऱ्या वर्षी पावसानं इतकी ओढ दिली की प्रात्यक्षिकाला बेडूकच मिळेनात. विहिरींचे तळ उघडे पडले होते. परीक्षा तोंडावर आणि आमच्या बरण्या रिकाम्या. शेवटी बाईंनी त्यांच्या गावच्या पाझर तलावातल्या उरल्यासुरल्या गाळातून बेडूक शोधले आणि दवाखान्याच्या जुन्या डब्यातून एसटीनं आणले. रस्त्यात झाकण उघडलं आणि बसमध्ये हलकल्लोळ झाला. कंडक्टरनं म्हणे डोकी मोजून अर्ध्या तिकिटांची मागणी केली. हे बाईंनी स्वतःच सांगितलं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. बाईंना एवढं हसताना मी तेव्हाच पाहिलं.

पोरं गेल्यावर त्या चिमटे, कात्र्या पुसत बसल्या होत्या. मी सहज म्हणालो, तुमचा तलाव चांगला आहे, अशा वर्षीही गाळ धरून आहे. त्यांचा हात थांबला.

‘बहात्तरच्या दुष्काळात खांदलाय तो,’ त्या म्हणाल्या. ‘मी होते की तिथं, कामावरच्या लोकांना सुया टोचायला. पारूबाई म्हणून एक बाई होती. माती वाहता वाहता अडली. झाडाखाली लुगड्याचा आडोसा केला. पोरगं आलं, चांगलं आलं. पर रगत थांबंना. डॉक्टरची जागा रिकामी. ट्रकात घालून उमरग्याला निघालो. तिच्या पोटावर मूठ दाबून बसले होते मी. रस्त्यातच गेली. एक वाजून चाळीस मिनिटं झाली होती.’

त्यांनी पुन्हा चिमटा पुसायला घेतला.

‘माझे हात होते की सर तिथंच. तिथवर पोचलेले. पर पुढं काय करायचं ते हाताला ठावं नव्हतं. मला तेवढंच शिकवलं होतं. मग म्या ठरवलं, पुढचं शिकायचं.’ त्यांनी चिमटा पेटीत ठेवला आणि पेटी बंद केली.

बारावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा होता. तो शिकवायची आमच्याकडं एक पद्धत होती. ‘हा धडा सोपा आहे, घरी वाचून घ्या,’ असं म्हणायचं आणि पुढचं पान उलटायचं. माझ्या शिक्षकांनी तेच केलं होतं, मीही केलं. कान गरम झालेले मला आठवतात. समोर चाळीसेक पोरं, पाच मुली, आणि मी अविवाहित.

शेवटच्या बाकावरून आवाज आला. ‘सर, हा धडा अवघड हाय.’

मी पुस्तकात डोकं घातलं.

‘तुमची हरकत नसंल तर मी सांगते.’

बाई पुढं आल्या. खडू घ्यायच्या आधी सवयीनं हात पुसले. पोरांनी माना खाली घातलेल्या. बाईंनी फळ्यावर गर्भाशयाची आकृती काढली, पुस्तकात नव्हती इतकी नेमकी, आणि वळून म्हणाल्या, ‘तुमी सगळे इथनंच आलाव. मान खाली घालण्यासारखं काय हाय त्यात?’ दहा मिनिटांत एकेक मान वर आली. तासाची घंटा वाजली तरी कुणी उठलं नाही. मी त्यांच्या बाकावर बसून टिपणं काढत होतो. दोन गोष्टी मला स्वतःलाही त्या दिवशी पहिल्यांदाच कळल्या. कोणत्या, ते मी सांगणार नाही.

सगळा वर्ग त्यांना अक्का म्हणायचा. सगळ्यांचे बेडूक अक्का नीट करून द्यायच्या, सगळ्यांच्या वह्या तपासायच्या. पण मधल्या सुट्टीत अक्का एकट्या असायच्या. मुलींच्या घोळक्यात त्यांचं वय मधे यायचं. आम्ही शिक्षकांनी खोलीत बोलावलं तर म्हणायच्या, ‘मी विद्यार्थी हाय सर, बरं दिसत न्हाय.’ मग युरियाच्या पोत्यांच्या सावलीला बसून भाकरी खायच्या. गावातही त्यापेक्षा फार वेगळं नसावं. बाळंतपणाला त्यांचे हात सगळ्या आळ्यांत चालायचे, चहाचा कप मात्र काही घरांत वेगळा यायचा. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, मी एकदा डोळ्यांनी पाहिलं. भावांना शिकवून त्यांनी सोलापूर-पुण्याला नोकरीला लावून दिलं होतं. त्या सगळ्या धावपळीत त्यांच्या लग्नाचं बघायला घरात कुणी मोकळं नव्हतं.

बारावीचा निकाल लागला. आमच्या कॉलेजात अक्का तिसऱ्या आल्या. प्राचार्यांनी पेढे वाटले. केमिस्ट्रीच्या सरांनी हिशेब मांडून सांगितलं, की एवढ्या गुणांवर बाईंचं नाव यादीत लागायलाच पाहिजे. मेडिकलचा अर्ज मी स्वतः मागवून घेतला. तो भरायला आम्ही माझ्या खोलीवर बसलो. बाईंनी नवी शाई भरून आणली होती.

नाव, गाव, जात, गुण. मग मी पाठीमागचे नियम वाचायला घेतले, आणि बारीक अक्षरातल्या एका ओळीवर माझी नजर अडकली. उमेदवाराचं वय तीस वर्षांपेक्षा जास्त नसावं.

बाईंच्या दाखल्यावर बत्तीस होतं.

मी ती ओळ तीनदा वाचली. मग कागद त्यांच्याकडं सरकवला. तोंडानं सांगायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी वाचलं, पेनाला टोपण लावलं.

‘हे कागदावरचं वय हाय सर,’ त्या म्हणाल्या. ‘खरं माझं एकोणतीस.’

मग त्यांनी सांगितलं. त्यांचं माहेर कळंब तालुक्यात. सातवी झाली त्या वर्षी घरात खायला नव्हतं आणि बाप त्यांना ऊसतोडीच्या टोळीबरोबर धाडायला निघाला होता. तेवढ्यात नर्सच्या प्रशिक्षणाची जाहिरात आली. राहणं-जेवण फुकट, पण वय अठरा पूर्ण पाहिजे. शेवंता पंधरा वर्षांची. ती गुरुजींच्या दारात जाऊन बसली आणि म्हणाली, माझं वय वाढवा. सय्यद गुरुजींनी दाखल्यावर तीन वर्षं वाढवून एक जून लिहिला. पोरगी ऊसतोडीला गेली नाही, नर्स झाली.

‘आणि खरी तारीख?’

‘येळवशीचा दुसरा दिवस. आई सांगायची, येळवशीला शेतात पोटभर आंबील प्याली आन् दुसऱ्या दिवशी दुपारी मी झाले. टाइम कुणी बघितला न्हाय.’

येळवशी म्हणजे मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, दरवर्षी वेगळ्या तारखेला येणारी. म्हणून ते चौकोनी कागद. मला तेव्हा कळलं.

मी लगेच पेटलो. म्हणालो, सोपं आहे, सय्यद गुरुजी हयात असतील तर त्यांच्याकडून लिहून घेऊ, प्रतिज्ञापत्र करू, तारीख दुरुस्त करून घेऊ. माझा उत्साह पुष्कळसा अपराधाचा होता. चूक माझी होती आणि ती निस्तरणारा दुसरा कुणी तरी मला पाहिजे होता. बाईंनी पेन पिशवीत ठेवलं, मग म्हणाल्या, ‘चला. कैक वर्षांत गुरुजींना भेटलेबी न्हाय.’

उमरग्याहून उस्मानाबाद, तिथून कळंब, पुढं जीप. गुरुजींचं घर गावाच्या कडेला, पत्र्याचं, दारात कडुलिंब. गुरुजी बाजेवर बसले होते. मोतीबिंदूनं डोळे दुधाळ झाले होते. बाईंनी पाया पडून नाव सांगितलं. त्यांनी हात पुढं करून त्यांचं डोकं चाचपलं.

‘शेवंता? अगं, ये बेटी, बस!’ आणि घरात तोंड करून ओरडले, ‘अजी सुनते हो? शेवंता आली, नर्स शेवंता! चहा टाका.’ मग शेजाऱ्याला हाक मारली. शेजारी आला, त्याची बायको आली. गुरुजी त्यांना सांगू लागले, ‘ही माझी शेवंता. हिचा बाप हिला ऊसतोडीला धाडत होता. मी माझ्या पदरची तीन वर्षं घातली हिला! बोल बेटी, घातली का न्हाय?’

‘व्हय गुरुजी,’ बाई म्हणाल्या.

‘आजपर्यंत किती बाळंतपणं केलीस?’

‘मोजली न्हाईत गुरुजी. लई झाली.’

गुरुजी शेजाऱ्याकडं वळले. ‘ऐकलंस? ती सगळी माझ्या खात्यावर हाईत. वरती विचारलं, काय केलंस सय्यद, तर मी एवढंच सांगणार हाय.’

चहा आला. मी कधी विषय निघतो याची वाट बघत होतो. बाई बशीत चहा ओतत होत्या. गुरुजींनी माझ्या दिशेनं मान केली. ‘बरोबर कोण हाईत?’

‘माझे सर,’ बाई म्हणाल्या. ‘मी अजून शिकते गुरुजी.’

गुरुजी इतके खूश झाले की त्यांच्या हातातल्या बशीतला चहा हिंदकळला. ‘शीक, शीक! वयाची फिकीर करू नकोस बेटी. वयाचं मी कागदावर सांभाळून घेतलंय.’

मी तोंड उघडलं. बाईंनी माझा कप उचलून माझ्या हातात दिला. ‘सर, चहा निवतोय.’

तासाभरानं आम्ही उठलो. गुरुजी म्हणाले, ‘कशी आली होतीस गं एवढ्या लांब? काय काम होतं?’

‘काय न्हाय गुरुजी. बघायला आले तुम्हाला.’

कळंबच्या स्टँडवर मी त्यांच्यावर ओरडलो. चार माणसं वळून बघायला लागली. दोन वर्षं घातलीत, म्हणालो, पारूबाईचं काय, आणि एक शब्द विचारवला नाही तुम्हाला? बाई छत्री मांडीवर आडवी ठेवून ऐकत होत्या.

‘काय विचारू?’ त्या म्हणाल्या. ‘तुम्ही खोटं केलं, असं लिहून द्या, म्हणू? त्यांना डोळ्यांनी दिसत न्हाय सर. त्यांच्यापाशी काय राहिलंय? आमीच हाव. आन् त्यांनी कुठं मनानं केलं? म्याच जाऊन बसले होते दारात.’ थोडं थांबून म्हणाल्या, ‘पंधराव्या वर्षी नोकरीला लागले म्हणून सांगितलं तर हाय ती नोकरीबी जाईल. मग तिन्ही गावांनी कुणाकडं जायचं?’

बस आली. बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या आणि उमरगा येईपर्यंत बाहेर बघत राहिल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. नुसती काळी, भेगाळलेली रानं.

अर्ज मात्र त्यांनी पाठवला. कागदावरचीच तारीख घालून, रजिस्टर पोस्टानं. मी म्हणालो, कशाला, उत्तर ठरलेलं आहे. त्या म्हणाल्या, ‘माझ्या तोंडानं न्हाय म्हणायचं न्हाय सर. त्यांनी म्हणावं.’ महिन्याभरानं त्यांनी म्हटलं. छापील पत्र होतं. मोकळ्या जागेत शाईनं बाईंचं नाव, आणि खाली एका शब्दात, अपात्र.

ते पत्र दाखवायला बाई गोदामात आल्या तेव्हा बरोबर चिरफाडीची पेटी होती. ती त्यांनी स्वतः विकत घेतलेली, कॉलेजची नव्हे. प्रत्येक हत्यार स्पिरिटनं पुसून, कापडात गुंडाळून ठेवलेलं. ‘एखाद्या पोरीला द्या,’ म्हणाल्या. मी पेटी घेतली. तेवढ्यात त्यांची नजर फळ्याकडं गेली. फळ्यावर माझ्या हातची एक ओबडधोबड आकृती होती. ती बघता बघता त्या रडायला लागल्या. तोंडाला पदर लावून, आवाज न करता. बराच वेळ. मी पेटी धरून उभा होतो. दोन पावलं पुढं जाऊन ‘चूक माझी आहे, बाई’ एवढं म्हणायचं होतं, ते मी म्हणालो नाही. मग त्यांनी घड्याळ बघितलं, म्हणाल्या, ‘बस जाईल,’ आणि गेल्या.

त्यानंतर सात वर्षं मी त्यांना टाळलं. उमरग्याच्या बाजारात निळ्या काठाची साडी दिसली की मी दुसऱ्या गल्लीत शिरायचो. त्यांच्या वर्गातला एक मुलगा मेडिकलला गेला आणि डॉक्टर होऊन त्यांच्याच आरोग्य केंद्रावर साहेब म्हणून आला. बाईंनी नीट करून दिलेल्या बेडकांतला एक त्याचा होता. तो मला म्हणाला, ‘सर, मी किती सांगितलं तरी अक्का मला साहेबच म्हणतात.’ मी विषय बदलला.

मग एका येळवशीला मी कर्नाटक सीमेकडं निघालो होतो आणि एसटी नेमकी बाईंच्या फाट्यावर पंक्चर झाली. तासभर लागेल, ड्रायव्हर म्हणाला. आता मात्र पळायला गल्ली नव्हती. मी गावात गेलो. येळवशीला आमच्याकडं गावात चिटपाखरू राहत नाही, सगळी माणसं शेतात जेवायला जातात. दारांना कड्या लावलेल्या, रस्त्यात दोन-चार कोंबड्या. आरोग्य उपकेंद्राच्या ओट्यावर मात्र बाई बसल्या होत्या. केस कानांजवळ पिकले होते. समोर ओळीनं डबे मांडलेले. पितळी, स्टीलचे, एक ॲल्युमिनियमचा. मी मोजले, नऊ होते.

‘सर?’ त्या उठल्या. ‘बसा, बसा. जेवा आधी. शेतात जाता जाता एकेक घर डबा ठेवून जातंय. एकटीला संपत न्हाय.’

‘तुम्ही नाही गेलात शेतात?’

‘सगळे म्हणतेत, या. पर कुणाच्या पंगतीला बसायचं? आन् मधीच कुणी अडलं तर?’

आम्ही जेवलो. नऊ घरांची नऊ चवींची भज्जी, म्हणजे पालेभाज्या-डाळींची मिसळभाजी, बाजरीचे वाफवलेले उंडे, आंबील. माझ्या मनात होतं ते मी शेवटी बोललो.

‘उद्या ना, बाई?’

त्यांचा घास थांबला. ‘ध्यानात हाय तुमच्या?’ मग म्हणाल्या, ‘उद्या सदतीस. कागदावर चाळीस.’ हसल्या. ‘तीन वर्षं मोजली गेली सर, आन् मी जगलेच न्हाय ती. कुठं गेली आसतील?’

‘बाई, मी तेव्हा नियम बघायला पाहिजे होता,’ मी म्हणालो. सात वर्षांनी. ‘न बघताच बोललो. बघितला असता तर तुमची दोन वर्षं वाया गेली नसती.’

त्यांनी माझ्या पेल्यात आंबील ओतली. घाई केली नाही.

‘बघितला न्हाय तेच बरं झालं ओ सर,’ त्या म्हणाल्या. ‘ती दोनच तर माझी होती.’

लांबून एसटीचा हॉर्न वाजला. मी उठलो. बाईंनी पोचवायला येऊ का विचारलं, मी नको म्हणालो. पुढच्याच वर्षी त्यांची परांड्याकडं बदली झाली आणि त्यानंतर आमची भेट नाही. त्या दिवशी फाट्याकडं वळताना मी थांबून मागं बघत राहिलो. बाईंनी कोपरापर्यंत हात धुतले, मग एकेक डबा घासून ओट्याच्या कठड्यावर पालथा घातला. नऊ डबे झाल्यावर मनगट वळवून घड्याळ बघितलं, आणि रिकाम्या गावाकडं तोंड करून माणसं परत यायची वाट बघत बसल्या.